काळ्याचा फोटो

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. जुन्नरकडच्या आमच्या मढला वीज गेली की सगळं गाव वीजवाल्यांच्या नावानं बोंब मारतं. आमचा शेजारी दगडू फोटोवाला मात्र घरोघर गूळ वाटत फिरायचा. "गेली बगा! लई बरी गेली!"

दगडूनं जुन्नरात जन्मभर लग्नांचे फोटो काढले. बायको वारल्यावर स्टुडिओ बंद करून गावी आला आणि दुर्बीण घेतली. तिला कॅमेरा अडकवून हा गडी आभाळाचे फोटो काढी. तेही ताऱ्यांचे नव्हे. ताऱ्यांच्या दाटीत मधेमधे काळे ठिपके दिसतात ना, त्यांचे. "तारं काय, कुनीबी काढील. काळं काढून दावा, राव!"

एकदा मोठ्या हौसेनं मला फोटो दाखवला. मी म्हणालो, "डाग पडलाय. पुसून घे."

"आबा, डाग न्हाई त्यो. धुळीचा ढग हाय. मागलं तारं झाकतो."

"धूळच काढायची तर माझ्या अंगणात ये की. ढिगानं हाय."

आमचं खरं भांडण दिव्यावरनं. बिबट्याच्या भ्यानं मी गोठ्यावर रातभर मोठा दिवा ठेवतो. त्याच्या उजेडानं दगडूचा ढग राखेसारखा यायचा.

"आबा, येक रात घालवा की."

"आन् शेळ्या तुझा ढग राखनार का?"

मी चौथी शिकलेला, पण शब्दाचा पक्का. दिवा घालवला नाही म्हणजे नाही.

वैशाखातल्या अवसेला तो तिन्हीसांजेला आला. विनवणी केली नाही. एक फ्रेम पुढं केली. आत गोरीपान बाई.

"ही कोण रे?"

"पारू."

त्याच्या बायकोला मी चांगला ओळखत होतो. काळीसावळी, तोंडभर हसणारी. ही ती नव्हती.

"स्थळाला धाडायचा फोटो म्हंजी पोरगी गोरी करायची, आबा. हात बसलेला. हिलाबी तसंच केलं. म्हनली, ही सवत कुठनं आनली? मी हसलो. घरात तेवढाच येक फोटो. आता डोळं मिटलं तरी ही गोरीच म्होरं येती. येकदा तरी काळं हाय तसं काढायचंय मला."

त्या रात्री मी जेवण उरकून दिवा घालवला आणि काठी घेऊन गोठ्याच्या दारात बसलो. शेळ्या अंगाला अंग लावून उभ्या. पलीकडं दगडू दुर्बिणीपाशी पुटपुटत होता, "हलू नगंस हां. आश्शीच ऱ्हा."

सकाळी विचारलं, "आला का ढग?"

"आला, आबा. काळाकुट्ट." त्याचे डोळे जागरणानं लाल होते. जागरणानंच असतील.

तसाच घरात गेलो आणि आमच्या म्हातारीला आणून त्याच्या ओट्यावर बसवली. ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आवो, पावडर तरी लावू द्या!"

"काय नगं. दगडू, आन कॅमेरा. काळी हाय, काळीच काढ."