तांबं खोटं बोलत नाही

आमच्या शेजारच्या कुंदामावशी यंत्राची ताकद वजनावर ठरवतात. मी नवा लॅपटॉप आणला तेव्हा त्या बघायला आल्या, त्या हातात काटा घेऊनच. रद्दीवाल्याकडे असतो तसा, हुकाचा. लॅपटॉपकडे ढुंकूनही न बघता त्यांनी चार्जर हुकाला लटकवला आणि चेहरा पाडला. "अगदीच नेभळट आहे रे. परत घेतात का बघ."

मावशींनी सातिवलीच्या एका कारखान्यात तीस वर्षं ट्रान्सफॉर्मरला तार गुंडाळली. ताकद जास्त हवी तर तांबं जास्त, लोखंड जास्त, म्हणजे वजन जास्त, हा तिथला नियम. निवृत्त झाल्यावर त्यांनी तो साऱ्या जगाला लावला. आमच्या सोसायटीत नवा मिक्सर आला की आधी मावशींच्या काट्यावर चढतो, मग ओट्यावर. पाचूबंदरहून येणारी मासेवाली मात्र एकदा वैतागली. "ताई, तो काटा ठेव आत. पापलेटात काय तांबा भरलाय?"

मावशी एकट्या राहतात. मुलगा प्रसाद बंगळुरूला इंजिनिअर. त्या फोन स्पीकरवर टाकून बोलतात आणि आमच्यामधली भिंत पातळ, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. ऐकण्यासारखं फारसं नसायचंच. "जेवलास?" "हो आई." "बरं." "ठेवतो." एवढ्यासाठी बाई संध्याकाळभर फोनजवळ बसायच्या.

मग एका नव्या गेमिंग कन्सोलची चाहूल लागली. तो बाजारात यायला अवकाश होता, कंपनी चकार शब्द बोलत नव्हती, तरी त्याची ताकद किती यावर इंटरनेटवर पोरं हमरीतुमरीवर आली होती. प्रसाद त्यातला दर्दी. कुठूनतरी फुटलेला एक फोटो त्याने आईला सहज पाठवला. मावशींनी तो बोटांनी मोठा केला, बाजूला दिसणारा अडॅप्टर निरखला आणि निकाल दिला. "पाव किलोच्या वर नाही. ह्यात काही दम नाही. तुझा जुनाच बरा."

त्या दिवशी भिंतीपलीकडचा फोन संपेचना.

पुढे हे रोजचंच झालं. प्रसाद आलेख पाठवायचा, तक्ते पाठवायचा. "आई, चिप लहान झाली की कमी विजेत जास्त काम करते गं!" मावशी ढिम्म. "चिपचं मला नको सांगूस. तांबं खोटं बोलत नाही." एकदा तर स्टूलावर चढून त्यांनी माळ्यावरून त्याचा जुना कन्सोल काढला, तोलला आणि काट्याचा फोटो पुरावा म्हणून पाठवला. माघार घ्यायचं नाव नाही.

मला दुसऱ्याचं अज्ञान सहन होत नाही, हा माझा जुना रोग. एका रविवारी मी दोन अडॅप्टर घेऊन मावशींकडे गेलो. एक जुना, विटेएवढा. एक नवा, हलका. नव्यात वीज इतक्या वेगाने चालू-बंद करतात की लोखंडाचा मोठा गठ्ठा लागतच नाही, हे मी चहा गार होईपर्यंत समजावलं.

"सेकंदाला हजारो वेळा," मावशी म्हणाल्या. "माहितीये. शेवटची पाच वर्षं आमच्याकडे तेच बनायचे. नवीन पोरींना मीच शिकवलं."

मी दोन्ही अडॅप्टर खाली ठेवले. "मग हे सगळं कशाला?"

त्या पदराने काट्याचा हुक पुसत बसल्या. "अरे, बरोबर बोलले की तो 'हो आई' म्हणतो आणि ठेवतो. चुकले की पाऊण तास समजावतो. मध्येच हसतो. परवा म्हणाला, आई, तू अशक्य आहेस." मग हळूच म्हणाल्या, "तू त्याला काही सांगू नकोस हं."

मला माझीच लाज वाटली. मोठा शहाणपण शिकवायला आलो होतो.

तेवढ्यात फोन वाजला. मावशी ताठ बसल्या. "बोल. नाही रे बाबा, मला अजून पटलेलं नाही."

मी तो हलका अडॅप्टर हुकाला लटकवला आणि फोनकडे तोंड करून मोठ्याने म्हणालो, "मावशी, ह्यात कसली आलीय ताकद!"

"बघ, शेजारचेसुद्धा हेच म्हणतात," मावशी म्हणाल्या.

पलीकडून प्रसादने कपाळावर हात मारल्याचं ऐकू आलं. "त्यांना दे फोन. त्यांनाच समजावतो."

मावशींनी फोन चटकन छातीशी धरला.

"त्यांना कशाला? मला सांग."