लाल नोझल

सुधीर म्हसकरांनी मशीनची दोरी सातव्यांदा ओढली. मशीनने आधीच्या सहा वेळांसारखंच फुस्स केलं आणि गप्प बसलं. रविवारचे सकाळचे साडेआठ वाजले होते. कामोठ्याच्या सुखसदन सोसायटीच्या पार्किंगमध्ये वीस-पंचवीस माणसं हातात चहाचे कप घेऊन उभी होती, आणि म्हसकरांचा टी-शर्ट पाठीला चिकटला होता.

मशीन म्हणजे पेट्रोलवर चालणारं प्रेशर वॉशर. पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवर इतकं शेवाळ धरलं होतं की पाहुण्यांना तो मुद्दाम दिलेला रंग वाटायचा. ते शेवाळ पाण्याच्या जोराने उडवायचं ठरलं. मीटिंगमध्ये सगळे म्हणत होते, विजेवरचं छोटं मशीन घेऊ. पण सेक्रेटरी म्हसकर म्हणाले, "इलेक्ट्रिकला टॉर्क नसतो." टॉर्क म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही म्हणून बरं. इंजिनिअर माणूस बोलतोय म्हटल्यावर विचारणार तरी कोण?

आणि खरी गोम तिथेच होती. म्हसकर इंजिनिअर नव्हते.

अकरा वर्षांपूर्वी इथे राहायला आले त्या दिवशी तळमजल्यावरच्या बाळाबाईंनी विचारलं होतं, कुठे असता? म्हसकर म्हणाले, तळोज्याला, इंजिनिअरिंग कंपनीत. अगदी खरं बोलले. ते त्या कंपनीच्या स्टोअर्समध्ये होते, नट-बोल्ट मोजून द्यायचे आणि वहीत सही घ्यायचे. पण बाळाबाईंनी बातमी पहिल्या मजल्यावर नेली तेव्हा तिच्यातली 'कंपनी' जिन्यातच सांडली. संध्याकाळपर्यंत म्हसकर इंजिनिअर झाले. ते खोडायला त्यांनी उद्याचा मुहूर्त धरला, आणि तो उद्या काही उजाडला नाही. मग लिफ्ट बंद पडली की म्हसकर, पंप घरघरला की म्हसकर. ते कान लावून ऐकायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "मेकॅनिकला बोलवा, पण त्याच्यावर लक्ष ठेवा." एवढ्यावर अकरा वर्षं निघाली. माणसाला अजून काय लागतं?

आज मात्र मेकॅनिक नव्हता. मशीन होतं, म्हसकर होते आणि अख्खी सोसायटी होती. हे मशीन सुरू झालं नाही, तर अकरा वर्षांची इज्जत त्या शेवाळाबरोबर गटारात जाणार होती. ही गोष्ट तिथे फक्त दोघांना माहीत होती, एक म्हसकर आणि दुसऱ्या त्यांच्या बायको स्मिताताई. त्या हळदीकुंकवाचं ताट घेऊन खांबाआड उभ्या होत्या आणि नवऱ्याकडे बघत नव्हत्या. मशीनची पूजा त्यांनीच मघाशी केली होती. नारळ फुटला होता, झेंडूचा हार चढला होता. इंजिन तेवढं चढत नव्हतं.

"साहेब, मी ओढू का?" वॉचमन ज्योतिबाने विचारलं. त्याने ओढली. मग दुसऱ्या मजल्यावरच्या शाहिदने ओढली. मग चौथ्या मजल्यावरच्या निशांतने एका हातात मोबाईल धरून, त्यात व्हिडिओ बघत बघत ओढली. म्हसकर प्रत्येकाला सूचना देत होते. दोरीला झटका द्या, पण प्रेमाने. मशीन नवीन आहे, बुजलंय.

तेवढ्यात शाहिदची बायको नफिसा पुढे आली. तिचं माहेर श्रीवर्धनकडचं, घरच्या दोन मच्छीमार होड्या. दहा वर्षांची होती तेव्हापासून होडीच्या इंजिनात तेल ओतायचं काम तिच्याकडे होतं. तिने मशीनकडे बघून हळूच विचारलं, "काका, ऑइल घातलंय ना?"

म्हसकरांनी अनुभवी चेहरा केला. "इंजिन गरम झाल्यावर ऑइल घालतात."

नफिसाने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग मागे उभ्या असलेल्या गर्दीकडे बघितलं. पोरगी मोठी समजूतदार. म्हणाली, "हां, जुन्या मशीनचं तसं असेल काका. ही नवीन मशीनं जरा लाडावलेली असतात, आधीच मागतात."

म्हसकरांनी हे ताबडतोब मान्य केलं. पण ऑइल होतं कुठे? खोक्यात बाटली आली होती. माहितीपुस्तकही आलं होतं. आणि म्हसकरांच्या घरचा नियम असा, की नव्या वस्तूच्या खोक्यातून जे जे वरचं निघेल ते वापरायचं नाही, पिशवीत बांधून माळ्यावर टाकायचं, कधी लागलं तर असावं म्हणून. त्यांच्या माळ्यावर फ्रिजचं थर्माकोल होतं आणि तो फ्रिज विकून सहा वर्षं झाली होती. स्मिताताई वर गेल्या, स्टुलावर चढल्या आणि बाटली घेऊन आल्या. पुस्तक वरच राहिलं. ते मागायची म्हसकरांची हिंमत झाली नाही, कारण इंजिनिअर पुस्तक कशाला मागेल?

पुढचं नफिसाने विचारून विचारून केलं. काका, पाण्याचा नळ आधी सोडायचा ना? पाइपच्या टोकाच्या गनचा खटका दाबून आतली हवा काढू ना? चोक ओढू? म्हसकर प्रत्येक वेळी विचार केल्यासारखं करून "हं" म्हणत होते. दुसऱ्याच झटक्याला मशीन धडधडलं. टाळ्या पडल्या. म्हसकरांचे डोळे चक्क भरून आले. त्यांना नफिसाच्या पाया पडावंसं वाटलं.

इथे थांबले असते तर गोष्टच संपली असती. पण गनच्या तोंडाला लावायची नोझल होती पाच. लाल, पिवळं, हिरवं, पांढरं आणि काळं. होडीला नोझल नसतं, त्यामुळे नफिसा गप्प. निशांतचा व्हिडिओ अजून जाहिरातीत अडकलेला. स्मिताताई खांबाआडून म्हणाल्या, "पूजा झालीय, शुभकार्य आहे. लालच लावा. काळ्या-पांढऱ्याला हात लावू नका."

म्हसकरांना ते एकदम शास्त्रशुद्ध वाटलं. लाल नोझल म्हणजे पाण्याची सुईसारखी बारीक, सगळ्यात जहाल धार, हे त्या पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलं होतं. पुस्तक माळ्यावर होतं.

त्यांनी खटका दाबला. भिंतीवरचं शेवाळ गेलं. शेवाळाखालचा रंग गेला. रंगाखालचं प्लास्टर ढेकळांनी पडलं आणि विटा दिसायला लागल्या. त्या धक्क्याने म्हसकर दोन पावलं मागे आले आणि गन डावीकडे फिरली. तिकडे निशांतची गाडी होती आणि गाडीच्या बॉनेटवर बाळाबाईंनी सांडगे वाळत घातले होते. सांडगे उडाले, पाठोपाठ गाडीचा आरसा उडाला. काही सांडगे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत सापडले, पण ते नंतर.

सगळे ओरडत होते, सोडा, खटका सोडा. म्हसकरांना वाटलं, खटका सोडला तर मशीन फुटेल. म्हणून त्यांनी तो आणखी घट्ट धरला आणि स्वतःभोवती फिरायला लागले. लोक गाड्यांमागे लपले. ज्योतिबाने प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेतली. कपाळावर भिजलेला झेंडू चिकटलेला, चष्मा कुठे गेला पत्ता नाही, अशा अवस्थेत म्हसकरांचा बांध फुटला. इंजिनच्या आवाजावर ताण करून ते जिवाच्या आकांताने ओरडले, "मला नाही येत हे. मला कधीच काही येत नव्हतं. मी इंजिनिअर नाही..."

नफिसा वाकून मशीनपाशी पोचली आणि तिने बटण बंद केलं. इंजिन थांबलं. पार्किंगमध्ये शांतता पसरली, आणि त्या शांततेत म्हसकरांचं उरलेलं वाक्य चारही मजल्यांवर स्पष्ट ऐकू गेलं.

"...मी स्टोअर्समध्ये होतो."

म्हसकरांनी गन खाली ठेवली. खूप लाज वाटत होती आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही वाटत होतं. काय करावं ते न सुचून ते बाळाबाईंचे सांडगे वेचायला लागले.

मग आरसा तुटलेल्या गाडीमागून निशांत उभा राहिला. त्याच्या मोबाईलमधली जाहिरात संपली होती. त्याने आधी आपल्या आईकडे, शुभदाताईंकडे, चोरून बघितलं आणि मग खाली बघत म्हणाला, "काका, मी बी. ई. मेकॅनिकल आहे. फर्स्ट क्लास. मला पण नाही आलं."

शुभदाताईंनी मुलाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

म्हसकर लिफ्ट सोडून जिन्याने घरी गेले आणि दिवसभर खाली उतरले नाहीत. संध्याकाळी राजीनामा लिहिला. अकरा वर्षं खोटं बोललो असं त्यात होतं. स्मिताताईंनी वाचून तो उशाखाली ठेवायला सांगितला, सकाळी बघू म्हणाल्या.

सकाळी सात वाजता बेल वाजली. दारात शुभदाताई उभ्या होत्या, हातात बंद पडलेला मिक्सर. म्हसकरांचा चेहरा उतरला.

"वहिनी, मी इंजिनिअर नाही हो. काल सगळ्यांसमोर सांगितलं."

"ऐकलं ना," शुभदाताई म्हणाल्या आणि मिक्सर त्यांच्या हातात देऊन चपला काढायला लागल्या. "म्हणून तर तुमच्याकडे आणला. इंजिनिअर आमच्या घरात आहेच."