चित्राचे वाटे

"लिलाव कसा करतात ते मी देवबागला दाखवतो!" असं नाना मास्तर पंधरा दिवस सगळ्यांना सांगत होते. आता, ज्या गावात रोज सकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो, त्या गावाला लिलाव शिकवायचा म्हणजे माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवण्यातला प्रकार! पण नानांना सांगणार कोण? सव्वीस वर्षं त्यांनी गावातल्या पोरांना चित्रकला शिकवली होती, आणि चित्रकला शिकवणाऱ्याला सगळं दिसतं अशी त्यांची स्वतःबद्दल ठाम समजूत होती.

बेत मात्र चांगला होता, तिथे नानांना नाव ठेवायला जागा नाही. गावातल्या चौदा मुलांची चित्रं देवळाच्या मांडवात लावायची, त्यांचा जाहीर लिलाव करायचा आणि जमतील त्या पैशांतून प्रत्येक मुलाला बक्षीस आणि चांगल्या रंगांची पेटी द्यायची. पण नानांचा खरा जीव अडकला होता तो अनुजाच्या चित्रात. अनुजा दहावीतली. चार कार्डशीट जोडून तिने भलंमोठं चित्र काढलं होतं, किनाऱ्यावरच्या मासळीच्या लिलावाचंच. दहावीनंतर तिला सावंतवाडीला चित्रकला शिकायला जायचं होतं. तिचा बाप बाबली रापणीचं मोठं जाळं किनाऱ्यावर ओढायला जायचा. त्याने नानांना सरळ सांगितलं होतं.

"मास्तर, चित्रा काढून पोट भरता ह्या माका पटणा नाय. तिच्या चित्राक कोण पाच हजार देयत तर मगे बघू. नायतर चेडू सावंतवाडीक जावचा नाय."

"पाच?" नाना हसले. "बाबली, तू दहा मोजायच्या तयारीने ये!"

हा जोर होता विकीच्या जिवावर. विकीने खाडीकाठी नवं होमस्टे बांधलं होतं आणि तिथल्या भिंतीसाठी तो अनुजाचं चित्र दहा हजारांपर्यंत घ्यायला तयार होता. म्हणून नानांनी त्यालाच प्रमुख पाहुणा केला. मांडवाच्या दाराला लाल फीत बांधली, ती कापायला मालवणच्या बाजारातून नवी कोरी कात्री आणली आणि ती तबकात फुलांवर ठेवली. ही कात्री लक्षात ठेवा!

चार वाजता विकीचा फोन आला.

"मास्तर, पर्यटकांका घेवन गेललंय, ओहोटीक होडी रेतयेर बसली! पाणी इला की येतंय!"

"पाणी कधी येतला?" नाना घाबरले की त्यांची शाळेतली मराठी सुटायची.

"साडेपाचाक!"

इकडे मांडवात काशीबाई कमरेवर हात ठेवून उभी. ही मासळी विकणाऱ्या दहा बायांची म्होरकी. "मास्तर, पाच वाजता रापण ओढतत. आमका थंय जावक व्हया. करतास तर आताच करा!"

फीत कापायला पाहुणा नाही, न कापता आत कसं जायचं? शेवटी सगळा गाव फितीखालून वाकून आत गेला. नानांची बायको किशोरी वाकताना नानांकडे जे बघून गेली, त्यात पुढच्या आठवड्याचा बिनमासळीचा स्वयंपाक ठरला.

लिलाव पुकारायला नानांनी सत्यवतीला बोलावलं होतं. किनाऱ्यावरचा लिलाव तीच पुकारायची. तिने हाक मारली तर खाडीपलीकडचा माणूस "ओ" द्यायचा. तिने पहिलं चित्र वर धरलं, चौदा मुलांतल्या संचिताचं: सूर्यास्त आणि एक माड.

"पन्नास!" काशीबाई म्हणाली. "माडाक एक तरी नारळ काढूचो मां गो!"

मांडव गप्प. पन्नास एक, पन्नास दोन, पन्नास तीन. गेलं!

दुसरं चित्र, पन्नास. तिसरं, पन्नास. सहावं चित्र पन्नासला गेलं तेव्हा नानांना घाम फुटला. या हिशोबाने मुलांना रंगपेटीचं नुसतं झाकण मिळालं असतं!

"सत्यवतीबाई," ते कानाशी कुजबुजले, "बाकीच्या बायांना बोली वाढवायला सांगा ना!"

"कोणाक सांगू? ह्यो धाय जणी भागीत आसत."

किनाऱ्यावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाया एकमेकींवर बोली चढवत नाहीत. एकीने बोलायचं, सगळ्यांनी मिळून ढीग घ्यायचा आणि मग वाटे घालायचे. कुणी कुणाच्या पोटावर पाय देत नाही. नानांना ते सव्वीस वर्षांत कळलं नव्हतं, कारण त्यांच्या घरी मासळी दारावर यायची आणि ती किशोरी घ्यायची. नानांचा संबंध थेट ताटातल्या बांगड्याच्या तिखल्याशी!

तेवढ्यात अनुजाचं चित्र उलगडलं, आणि दहाच्या दहा बाया उठून पुढे आल्या.

"गो, ही मिया मां?" काशीबाई हळूच म्हणाली. चित्रात पाठमोरी एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"तूच गो! दुसरी कोण अशी उभी रवता!"

मग जी ती स्वतःला शोधू लागली. कुणाची फाटकी टोपली निघाली, कुणाची अबोलीची वेणी. किनाऱ्यावर पर्यटक रोज त्यांचे फोटो काढून न्यायचे, पण काढलेला फोटो आजवर कुणी त्यांना दाखवला नव्हता. बाया गप्प झाल्या, आणि या बाया गप्प झालेल्या नानांनी प्रथमच पाहिल्या.

"एक हजार," काशीबाई म्हणाली.

मांडवात "आऽऽ" झालं. पण हजार म्हणजे पाच नव्हे. सत्यवतीने सुरुवात केली, "हजार एक... हजार दोन..." मांडवाच्या खांबाला टेकून, हाताची घडी घालून बाबली उभा होता. तो घरी जायला वळला. अनुजाने मान खाली घातली.

"दोन हजार!"

कोण बोललं म्हणून नानांनी मागे वळून बघितलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. नानांच्या खिशात त्या वेळी तीनशे चाळीस रुपये होते!

"मास्तर, धन्यान आपल्या मालाक बोली लावची नसता!" सत्यवती गरजली.

"माल अनुजाचा आहे! मी गिऱ्हाईक!"

पंधरा वर्षांत काशीबाईवर कुणी बोली चढवली नव्हती. तिने पदर खोचला. "अडीच!"

"तीन!"

"अहो!" पहिल्या रांगेतून किशोरी म्हणाली. "पेन्शन महिन्यातून एकदाच येते!"

दहा बायांची डोकी एकत्र आली, कमरेच्या पिशव्या सुटल्या. "साडेतीन!" "चार!" "साडेचार!" नाना हिशोबाला लागले. आता आपण बोललो आणि बाया थांबल्या, तर चित्र आपल्या गळ्यात! आणि मास्तरनेच घेतलेलं चित्र बाबली कशाला मोजतो? त्यांनी खांबाकडे बघितलं. बाबली घरी न जाता परत आत वळला होता. नानांनी डोळे मिटले.

"चार हजार नऊशे!"

काशीबाईचा आवाज आला, "पाच हजार एकशे! आता वर जावन दाखवा, मास्तर!"

नाना कसले जातात! पाच हजार एकशे एक, दोन, तीन! टाळ्यांचा कडकडाट झाला. नाना मटकन खुर्चीत बसले, चष्मा काढून डोळे पुसले. जिंकलो, त्यांना वाटलं. अनुजा सावंतवाडीला जाणार!

चष्मा परत नाकावर चढला तेव्हा चित्र जमिनीवर चटईवर पसरलेलं होतं, आणि काशीबाईच्या हातात तबकातली कात्री होती. कर्रर्र!

"गो गो गो! काय करतास गो काशीबाय!"

"वाटे घालतंव. भागीत घेतला मां? धा जणींनी पैसे घातले, ता एकटीच घेवन जातली काय?"

"ते बांगडे नाहीत! ती कला आहे!"

"म्हणान तर सारके घालतंव," काशीबाई शांतपणे म्हणाली.

नाना अनुजाच्या नावाने हाका मारत सुटले. पोरीने टाहो फोडला असेल, तिला धीर द्यायला हवा! अनुजा चटईवर गुडघे टेकून बसली होती. पेन्सिलने ती बायांना रेघा मारून देत होती. "काकी, हंयसून काप. नायतर तुझो हात तिच्या वाट्यात जातलो." आणि ती हसत होती. दोन महिने रंगवताना एकदाही हसली नव्हती इतकं.

दहा बायांचे दहा वाटे झाले, अकरावा पुकारणारीचा. तरी काशीबाईने बारावा कापला. त्यात ढिगाशेजारी बसलेली, बोटांवर मासे मोजणारी एक म्हातारी होती. काशीबाई तो घेऊन बाबलीपाशी गेली.

"हो तुझ्या आवशीचो वाटो. तीन वर्सा झाली, पाय चलनत नाय म्हणान किनाऱ्यार येवक नाय. पण चेडवान तिका थंयच बसयल्यान मां! घराक ने, तिका दाखय."

बाबलीने आईचा तुकडा दोन्ही हातांत धरला. मग म्हणाला, "मास्तर, मालवणसून सावंतवाडीची पयली एसटी किती वाजता सुटता?"

नाना एसटीच्या वेळा बोटांवर मोजू लागले.

पाच वाजता बाया रापणीकडे पळाल्या. जाता जाता काशीबाईने कागदात गुंडाळलेलं काहीतरी नानांच्या हातात कोंबलं. "कडेचो तुकडो उरलो. हो तुमचो वाटो, मास्तर."

पावणेसहाला विकी गुडघ्यापर्यंत भिजून आला. "धा हजार हाडलंय! चित्र खंय आसा?"

"तेरा घरांत," नाना म्हणाले. विकीला काही कळलं नाही. त्याने बिचाऱ्याने फितीखालून आत येऊन उरलेल्या सात चित्रांचे म्हणून रंगपेट्यांना पैसे दिले आणि मग आठवण झाली म्हणून फीत कापली.

घरी आल्यावर किशोरीने नानांचा वाटा उलगडला. चित्राच्या कडेचा रस्ता होता तो. रस्त्यावर छत्री घेतलेला एक माणूस लिलावाकडे पाठ करून, नाकाला रुमाल लावून लगबगीने शाळेकडे चालला होता.

"कोण हो हा?" किशोरी म्हणाली, आणि मग तुकडा दिव्याजवळ नेऊन खो खो हसत सुटली. "अगो बाई! रुमाल माझ्या धुण्यातला!"

नाना हसले नाहीत. सव्वीस वर्षं ते त्या रस्त्याने गेले होते आणि मुलांना सांगत आले होते की आधी नीट बघायला शिका. पोरगी शिकली होती. तिने सगळ्यांना बघितलं होतं, मास्तरांनासुद्धा. नानांना मनापासून लाज वाटली, आणि तिचा अभिमान त्याहून जास्त.

आता नाना सकाळी किनाऱ्यावर जाऊन लिलाव बघतात, रुमाल खिशात ठेवून. तो तुकडा मात्र त्यांनी कपाटात कपड्यांखाली ठेवला आहे. आल्यागेल्याला ते कधी दाखवत नाहीत.

किशोरी दाखवते.