बॅटरीची विश्रांती

कुंपण बरोबर अर्धं झालं आणि यंत्र थांबलं.

फाटकाच्या डाव्या अंगाला मेंदी टेबलासारखी सपाट झाली होती. उजव्या अंगाला ती पाच महिन्यांत जशी माजली होती तशीच उभी होती. रस्त्यावरून पाहिलं तर न्हाव्याच्या खुर्चीतून मधेच उठून आलेल्या माणसासारखा घराचा चेहरा दिसत होता. आबांनी बटण दोनदा दाबलं, यंत्र उलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "उतरली."

माई पायरीवर बसून पडलेल्या डहाळ्या टोपलीत भरत होत्या. त्यांनी एकदा कुंपणाकडे पाहिलं आणि एकदा ओट्यावरच्या घड्याळाकडे. अकराला दहा कमी होते. चार वाजता मुलगा आणि सून येणार होते.

ते नुसते भेटायला येत असते तर काही नव्हतं. पण गेल्या हिवाळ्यात आबा शिडीवरून उतरताना शेवटची पायरी चुकले आणि तेव्हापासून मुलाने एकच धोशा लावला होता. घर विका, आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट रिकामा आहे, लिफ्ट आहे. झाडांचं काय, असं माईंनी विचारल्यावर तो म्हणाला होता, खिडकीत चार कुंड्या ठेव की. अडतीस वर्षं हाताने वाढवलेली बाग चार कुंड्यांत कशी बसवायची, हे माईंना काही केल्या जमत नव्हतं. त्यात जुन्या माळ्याचे गुडघे गेले आणि तो लेकीकडे राहायला गेला. मग सुनेनेच मधला मार्ग काढला. तिने बिनवायरीच्या अवजारांचा संच पाठवला. कुंपण कापायचं एक, गवत कापायचं एक, पाला उडवायचं एक, आणि तिन्हींना मिळून बॅटरी एकच, लिथियमची. आबांना झेपतंय का ते येत्या रविवारी येऊन बघू, असं ठरलं. झेपलं तर फ्लॅटचा विषय बंद. नाही झेपलं तर काय, ते कुणी बोललं नाही.

आता बॅटरी म्हटल्यावर आबांना काय झेपणार नाही? त्यांची बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरीखोलीत गेली होती. ती खोली माईंनी एकदाच पाहिली होती, लग्नानंतर नव्यानव्याने. ओळीने मांडलेल्या काचेच्या मोठमोठ्या बरण्या, त्यांत आम्ल, आणि नाकात झोंबणारा वास. गावातला एकेक फोन या बरण्यांवर चालतो, असं आबांनी तेव्हा देवळात बोलावं तशा हलक्या आवाजात सांगितलं होतं. बॅटरीखोलीने माईंना दुसरं काही दिलं नाही, भोकं मात्र भरपूर दिली. आम्लाचा थेंब उडाला की पँटीला भोक. बत्तीस वर्षं त्यांनी ती रफू केली.

निवृत्तीनंतर आबांना बॅटरीबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. त्यामुळे खोकं उघडलं तेव्हा ते कितीतरी वेळ ती बॅटरी तळहातावर धरून बसले. मग कपाटातून एक कोरं रजिस्टर काढून त्यांनी रकाने आखले: तारीख, वेळ, स्थिती, कारण, शेरा, आणि शेवटी तपासणाऱ्याची सही. एक्स्चेंजमध्ये त्या शेवटच्या रकान्यात रोज साहेबाची सही पडायची. इथे साहेब कुठला? रकाना मात्र होता. बॅटरीबरोबर आलेली माहितीपुस्तिका त्यांनी पिशवीतून बाहेरसुद्धा काढली नाही.

खरं तर उतरायला नको होती ती. सकाळी बॅटरीवरचे चारही दिवे लागले होते, म्हणजे पूर्ण भरलेली. पण कुंपणाला हात घालायच्या आधी शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई त्यांच्या अंगणात आल्या आणि म्हणाल्या, "आबा, हे काय नवीन?" एवढं पुरलं. आबांनी पाला उडवायचं यंत्र लावून दाखवलं. आधी आपल्या अंगणातला पाला उडवला. तो बाईंच्या अंगणात गेला. मग सभ्यपणा म्हणून तो त्यांच्या अंगणातून उडवला. तो त्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेला. बाई म्हणाल्या, यंत्र जोरकस आहे. या सगळ्यात दोन दिवे गेले.

"तासाभरात भरते ना ती?" माईंनी विचारलं. "लावा की लगेच."

"लगेच लावत नाहीत," आबा म्हणाले. "उतरलेल्या बॅटरीला आधी विश्रांती द्यावी लागते. तुला नाही कळायचं ते. हात लावू नकोस." आणि बॅटरी ओट्यावरच्या टेबलावर ठेवून, रजिस्टरात नोंद करून ते अंघोळीला गेले. आबांची अंघोळ म्हणजे पाऊण तास.

माई त्या बॅटरीकडे बघत बसल्या. घड्याळ पुढे चाललं होतं आणि ही बया विश्रांती घेत होती. अशा वेळी माणसाला जे जुनं ते आठवतं. माईंना त्यांचा ट्रान्झिस्टर आठवला. त्यातले सेल मंदावले, गाणाऱ्या बाईचा आवाज घोगरा यायला लागला, की त्या सेल काढून गच्चीवर उन्हात ठेवायच्या. संध्याकाळी परत घातले की बाईचा गळा मोकळा. दोन-दोन आठवडे ओढले होते त्यांनी तसे. घरातलं बॅटरीचं ज्ञान काही सगळंच आबांच्या वाटणीला आलेलं नव्हतं. विश्रांतीच द्यायची तर उन्हात का नको?

त्यांनी बॅटरी टॉवेलात गुंडाळली आणि मागच्या जिन्याने, बाथरूमच्या खिडकीवरून वाकून जात, ती गच्चीवर नेली. पत्र्यावर ऊन रणरणत होतं. बॅटरी त्यावर आडवी ठेवून माई खाली आल्या आणि भाजी चिरायला बसल्या. बाथरूममधलं पाणी थांबल्याचं त्यांना ऐकू आलं तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता.

धावत वर गेल्या, म्हणजे त्यांच्या वयाला जमेल तसं धावत. बॅटरी इस्त्रीसारखी तापली होती. ती या हातातून त्या हातात करत खाली आणली, तोवर आबा केस पुसत बाहेर येत होते. आता ही गरम बॅटरी त्यांच्या हातात कशी द्यायची? माईंनी फ्रीजचं दार उघडलं आणि बॅटरी वरच्या कप्प्यात, बर्फाच्या साच्यांशेजारी सारली. पाचच मिनिटं, असं मनाशी ठरवून.

ती पाच मिनिटं बाईंनी लांबवली. त्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही बाजूंची उंची सारखी येतेय ना, असं म्हणाल्या. त्यांनी घरून दोरी आणि चुन्याची पुडी आणली होती. आबा एक टोक धरून उभे, बाई दुसरं टोक धरून उभ्या, आणि माईंना मधे बोलावून दोरी ताणली आहे की नाही ते विचारलं. शाळेची रांग सरळ करायची सवय बाईंच्या हातातून अजून गेलेली नव्हती. दोरीचं समाधान व्हायला पाऊण तास लागला.

बॅटरी बाहेर काढली तेव्हा तिच्यावर दव जमलं होतं. माईंनी ती पुसली, टेबलावर जिथली तिथे ठेवली आणि हाक मारली, "झाली का हो विश्रांती?"

आबांनी बॅटरी चार्जरला लावली. हिरवा दिवा लागायचा तिथे लाल लागला, आणि तोही नुसता लागेना, लुकलुकायला लागला.

पुढचा तास आबांनी बॅटरीखोलीत काढावा तसा काढला. प्लग बदलला. दुसऱ्या खोलीत नेऊन लावली. पितळी टोकं खोडरबराने घासली. ट्रंकेतून जुना मीटर काढला आणि त्याच्यातलेच सेल गेलेले असल्याने परत ठेवला. दर खेपेला दिवा लाल. मधेच एकदा रजिस्टरात एक ओळ लिहिली. माई आतबाहेर करत होत्या आणि प्रत्येक फेरीला, आता सांगावं, असं ठरवून परत जात होत्या. सांगणं अवघड नव्हतं. पण आबांचा चेहरा असा होता की त्याच्यावर आणखी काही ठेववेना.

शेवटी आबांनी बॅटरी उलटी केली आणि चष्मा लावून तिचे स्क्रू पाहिले.

"उघडू नका," माई म्हणाल्या.

"नाही उघडत." ते खुर्चीत मागे टेकले. "उघडून काय बघणार? पाणी नाही, आम्ल नाही. आत काय आहे तेच मला ठाऊक नाही." मग थोड्या वेळाने, अर्ध्या कुंपणाकडे बघत म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावर वारा चांगला असेल."

माई स्वयंपाकघरात गेल्या. खोक्यावर दुकानाचा नंबर होता. दार लोटून घेतलं आणि फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती, आवाजावरून बरी वाटली. माईंनी लाल दिव्याचं सांगितलं.

"लुकलुकतोय ना? मग काही नाही आजी. बॅटरी फार तापली किंवा फार गार झाली की चार्जर तिला घेत नाही. कुठे ठेवली होती?"

"दोन्हीकडे," माई म्हणाल्या.

"दोन्हीकडे म्हणजे?"

"आधी गच्चीवर, उन्हात. मग फ्रीजमध्ये. बर्फाच्या कप्प्यात."

 मग मुलीने विचारलं, फुगली आहे का, चिरली आहे का, वास येतोय का. माई जाऊन, टेबल पुसायचं निमित्त करून, बघून आल्या. तसं काही नव्हतं. मग अर्धा तास घरात सावलीत नुसती राहू द्या, मुलगी म्हणाली, नेहमीसारखी झाली की चार्जर आपणहून घेईल. "आणि आजी, परत असलं काही करू नका हं. ही बॅटरी आहे, लोणी नाही."

"नाही करत," माई म्हणाल्या. या वयात कुणी रागावलं की बरं वाटतं कधीकधी. कुणीतरी आपल्याला सुधारण्याजोगं समजतंय.

आता प्रश्न आबांना अर्धा तास बॅटरीपासून लांब ठेवायचा होता. माईंनी पानं वाढली आणि जेवायला या म्हणाल्या. नको म्हणतील असं वाटलं होतं, पण ते मुकाट्याने उठून आले. बॅटरीचं नाव काढलं नाही. दोनदा भाजी मागून घेतली, बाईंच्या चादरींवर हसले सुद्धा. हरलेला माणूस इतकं चांगलं कसं जेवतो, याचं माईंना जरा नवल वाटलं. हात धुऊन आबांनी बॅटरी चार्जरला लावली. हिरवा.

"टोकं घासली होती ना," आबा म्हणाले. "त्याने झालं."

"त्यानेच," माई म्हणाल्या.

सव्वातीनला दोनच दिवे लागले होते, पण आणखी थांबायला वेळ नव्हता. आबांनी कुंपण धरलं. यंत्र गुरगुरत पुढे सरकू लागलं, माई मागून डहाळ्या ओढू लागल्या, आणि बाई पलीकडून "जरा वर, जरा वर" करत राहिल्या. चारला पाच मिनिटं असताना, बाईंच्या बाजूचं टोक हातभर उरलेलं असताना, यंत्राने शेवटचा श्वास सोडला. कोपऱ्यावर गाडीचा आवाज आला.  माईंनी ओट्याखालून माळ्याची जुनी कात्री ओढून काढली आणि कचाकचा चालवायला सुरुवात केली. गाडी फाटकाशी थांबली तेव्हा शेवटची डहाळी त्यांच्या पायाशी पडत होती.

मुलाने कुंपण या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "सगळं तुम्हीच केलंत, आबा?"

"एका बॅटरीत," बाई कुंपणापलीकडून म्हणाल्या. मुख्याध्यापिकेने सांगितलेलं खोटं, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही.

पुढचा तास आबांनी लिथियमवर घेतला. सून मन लावून ऐकत होती. मुलाने फ्लॅटचा विषय काढलाच नाही. जाताना मात्र जरा अडखळत म्हणाला, "आबा, आमचा इन्व्हर्टर नीट चालत नाही महिनाभर. मेकॅनिक म्हणतो बॅटरी बदला. एकदा येऊन बघाल? पाणी घालावं लागतं तसली आहे ती, जुनी."

"पाण्याची?" आबा म्हणाले आणि आम्ल तपासायचा हायड्रोमीटर शोधायला आत गेले.

गाडी गेल्यावर आबा खुर्चीतच डुलकी काढू लागले. माईंनी टेबल आवरायला घेतलं. रजिस्टर उघडंच पडलं होतं. मिटवायला म्हणून हातात घेतलं आणि आजच्या पानावर नजर गेली. आबांचं अक्षर एक्स्चेंजमधलंच होतं, बारीक आणि उभं.

१०.५५. उतरली. विश्रांतीस ठेवली.

११.१०. टॉवेलातून गच्चीकडे जाताना दिसली. कारण: चांगल्या हेतूने. शेरा: विचारू नये.

११.४५. फ्रीज, बर्फाचा कप्पा. कारण: वरीलप्रमाणे. शेरा: वरीलप्रमाणे.

१.००. लाल दिवा. बहुधा कायमची गेली. शेरा: टोकं खराब होती असे सांगावे.

१.५०. स्वयंपाकघरातून दुकानाला फोन. दार लोटलेले, पण ऐकू आले. जेवून घ्यावे.

माई खुर्चीवर टेकल्या. समोर आबा डुलक्या घेत होते, मान एकीकडे कलली होती, पँटीच्या गुडघ्यावर मेंदीचं पान चिकटलं होतं. त्यांनी ते काढलं. मग टेबलावरचं पेन घेतलं आणि शेवटच्या रकान्यात, जिथे साहेबाची सही पडायची तिथे, पाचही नोंदींसमोर एकेक सही केली.