कोयंडा म्हणजे कुठला?

शब्द डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लिहायचा नाही, हा आपला बाणा. शब्दकोशाच्या कचेरीत अकरा वर्षं काढली ती काही माश्या मारत नाही. त्यामुळे 'कोयंडा' माझ्याकडे आला तेव्हाच ठरवलं, की याचा अर्थ आणि उगम असा लिहायचा की पुन्हा कुणी त्याला हात लावायला धजणार नाही.

घाईही होती. चार वाजता छापखान्याचा माणूस 'क'ची पानं न्यायला येणार होता. शिवाय आमच्या संपादक बाई निवृत्तीआधी आपल्या खुर्चीवर कुणाला बसवायचं, ते त्याच दिवशी सांगणार होत्या.

आमच्या कचेरीत कोयंडा एकच, जुन्या पुस्तकांच्या खोलीला, तोही बाहेरून. तीन वाजता मी बाईंना आग्रहाने त्या खोलीत नेलं आणि शिपाईकाकांना बाहेरून कडी घालायला सांगितलं. दाराच्या फटीतून कडी कोयंड्यात बसताना अगदी स्वच्छ दिसली. मी कृतकृत्य झालो. मग काकांना कडी काढायला सांगितली, तर ती निघेना. गंजलेला कोयंडा वाकून तिला मिठी मारून बसला होता.

"काका, कडी राहू द्या. कोयंडा सरळ करा."

"कोयंडा म्हणजे कुठला?"

मी घसा साफ केला. आगळ अर्गलेवरून आली, कडीचं नातं हातातल्या कड्याशी, पण कोयंड्यासाठी जरा मागे जावं लागेल, असं दाराला तोंड लावून सांगू लागलो. दहा मिनिटं ऐकल्यावर काका म्हणाले, त्यापेक्षा ते कोशातच बघून येतात. कोशाची मागची आवृत्ती आणून त्यांनी बाहेरून मोठ्याने वाचलं, "कोयंडा : ज्यात कडी अडकवतात ते." मग पानं उलटल्याचा आवाज. "कडी : कोयंड्यात अडकवतात ती."

बाई माझ्याकडे पाहत होत्या. मी घाईघाईने ओरडलो, चौकटीवरचं ते सरळ करा. काकांनी चौकटीवरची पाटी सरळ केली.

चार वाजून पाच मिनिटांनी छापखान्याचा माणूस आला. बाई त्याला फटीतून एवढंच म्हणाल्या, "ते वाकलेलं लोखंड वर उचल." त्याने पेचकस घातला आणि दार उघडलं.

बाहेर येताच बाईंनी कोयंड्याच्या उगमावर मी आधीच लिहिलेली दोन पानं खोडून एक ओळ लिहिली : दाराच्या चौकटीत ठोकलेलं लोखंडी कडं, ज्यात कडी अडकवतात. उगम सापडला नाही. मी म्हणालो, आठवडा द्या, शोधून काढतोच. त्यांनी ते कानाआड केलं आणि मागच्या आवृत्तीतल्या त्या दोन नोंदी कुणाच्या होत्या, ते विचारलं. काका तत्परतेने नोंदवही घेऊन आले.

"तेव्हा मी नवीन होतो," मी म्हणालो.

खुर्ची माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या दुसऱ्या बाईंना मिळाली. मला 'ख' मिळालं. त्यात दाराची खिट्टी आहे. ती मी पाहणारच, पण यावेळी बाहेर उभा राहून.