ताशी ऐंशीच्या पुढे

ताशी एकोणऐंशी किलोमीटरपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालायची. काटा ऐंशीवर गेला की स्टिअरिंगला कापरं भरायचं, आरसा थरथरायचा आणि चालवणाऱ्याला शेजारच्याशी बोलायचं झालं तर प्रत्येक शब्द तीन तुकड्यांत बाहेर पडायचा.

याचा पहिला फटका बसला तो बाईंना. बाई इमारतींची मॉडेलं बनवायच्या. पुठ्ठा, पातळ लाकूड आणि डिंक यांतून नखाएवढ्या खिडक्या, बोटभर दारं आणि खोक्यात मावतील अशा शाळा उभ्या करायच्या. दोन महिन्यांपूर्वी त्या अशीच एक तीन मजली शाळा घेऊन हायवेने गेल्या. पोचल्यावर खोकं उघडलं, तेव्हा तिसरा मजला तळमजल्याच्या वाचनालयात येऊन बसला होता आणि मैदानातली सगळी झाडं एका कोपऱ्यात गोळा झाली होती. शाळेच्या समितीतल्या एका गृहस्थांनी चष्मा पुसून विचारलं, "हे भूकंपाच्या आधीचं आहे की नंतरचं?"

काम गेलं ते गेलंच. घरी आल्यावर बाईंनी गाडीची किल्ली टेबलावर आपटली. "गाडी दाखवून आणा."

"दाखवायची कशाला? मी आहे ना," नवरोबा म्हणाले.

नवरोबा विमा कंपनीत कारकून होते. पण जगातल्या कुठल्याही यंत्राबद्दल त्यांचं मत तयार असे. ऑफिसात त्यांना सगळे 'तज्ज्ञ' म्हणत. ते थट्टेने म्हणत, हे तज्ज्ञांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

तज्ज्ञांचं पहिलं निदान होतं, रस्ता खराब आहे. मग ते नव्याकोऱ्या रस्त्यावर गाडी घेऊन गेले आणि तिथेही थरथरत परत आले. दुसरं निदान, चाकांत हवा कमी आहे. त्यांनी हवा इतकी भरून आणली, की साध्या खड्ड्यावरूनही गाडी चेंडूसारखी उडायला लागली. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी इंजिनाखालचे रबर बदलून घेतले, चौथ्यात धक्के शोषणारे शॉकअप. गाडी थरथरायची ती थरथरतच राहिली. फरक इतकाच पडला, की आता डॅशबोर्डच्या आतून किरकिर असा एक नवा आवाज येऊ लागला.

"हा आवाज आधी नव्हता," बाई म्हणाल्या.

"आधी दुसऱ्या आवाजात ऐकू येत नसेल," तज्ज्ञ म्हणाले.

अशात आर्किटेक्टबाईंचा फोन आला. शाळेचं काम त्यांच्याच मार्फत होतं आणि मान खाली घालायची वेळ त्यांच्यावरही आली होती. "डोळ्यांच्या हॉस्पिटलचं मॉडेल करायचंय. समितीची बैठक गुरुवारी अकराला. एक संधी अजून देतेय तुम्हाला," त्या म्हणाल्या आणि क्षणभर थांबल्या. "या वेळी मजले आपापल्या जागी पाहिजेत हं."

बाईंनी अठरा दिवस मान वर केली नाही. हॉस्पिटल असं उभं राहिलं की बघत राहावं. छप्पर किंवा वरचा मजला उचलला की खालच्या खोल्या दिसायच्या, आणि प्रत्येक खोली एखाद्या खणासारखी अलगद बाहेर काढता यायची. बुधवारी संध्याकाळी शेवटचं झाड चिकटवून त्या गॅलरीत आल्या, तर खाली तज्ज्ञ काळ्या हातांनी उभे होते.

"पुढची चाकं मागे टाकली, मागची पुढे आणली," ते अभिमानाने म्हणाले. "आता बघ!"

गुरुवारी सकाळी आठला तिघं निघाले. बाई गाडी चालवत होत्या. शेजारी तज्ज्ञ. मागे सासूबाई, मांडीवर उशी, उशीवर खोकं आणि खोक्यात हॉस्पिटल. मॉडेल धरून बसायला सासूबाईंइतकं भरवशाचं माणूस नव्हतं. त्यांनी एकदा एखादी गोष्ट धरली, की ती सुटत नसे. भांडणसुद्धा.

हायवे लागला. बाईंनी जपून वेग वाढवला. ऐंशी झाले तरी स्टिअरिंग गप्प. तज्ज्ञांनी विजयी मुद्रेने मागे वळून पाहिलं आणि त्यांची मुद्रा तिथेच गळली. मागच्या सीटवर सासूबाई खोक्यासकट पीठ चाळल्यासारख्या हलत होत्या.

"अ-अ-अरे, का-य के-लंस का-य तू?" सासूबाई म्हणाल्या. "आधी हि-चे हात ह-लायचे, आता मा-झी कं-बर!"

बाईंनी ब्रेक दाबून गाडी कडेला घेतली. धावत मागे जाऊन खोकं उघडलं. दोन झाडं आडवी झाली होती, बाकी सगळं जागेवर होतं. पण अजून शंभर किलोमीटर जायचं होतं. हवा ठासून भरलेल्या चाकांमुळे चाळीसच्या वर प्रत्येक खड्ड्याला खोकं उसळत होतं; वेग चाळीसच्या खाली ठेवावा तर बैठक गाठता येत नव्हती, आणि वर न्यावा तर हॉस्पिटल टिकत नव्हतं.

झाड हातात धरून बाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. घरी रंग देताना त्या मॉडेल एका फिरत्या पाटावर ठेवत. एका बाजूला मैदानाची माती जराशी जास्त झाली, की पाट फिरताना डुगडुगायचा. हळू फिरवला तर कळायचंही नाही. जोरात फिरवला की नाचायचा.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "पुढची चाकं मागे गेली आणि थरथरही मागे गेली."

"मग?"

"मग इंजिन नाही, शॉकअप नाही, रस्ता तर नाहीच. त्या दोन चाकांतच खोट आहे."

"चाकं गोल आहेत. मी स्वतः बघितलीत," तज्ज्ञ म्हणाले.

पुढच्या पेट्रोल पंपाशेजारी टायरचं दुकान होतं. शटर नुकतंच वर गेलं होतं. चाकांचा तोल तपासणाऱ्या बॅलन्सिंगच्या मशीनपाशी निळा कोट घातलेल्या, पन्नाशीच्या एक मावशी चहा पीत होत्या. बाईंनी एका दमात सगळं सांगितलं. मावशींनी चहा पूर्ण केला, मग उठून मागची दोन्ही चाकं खोलली. एक मशीनवर चढवून फिरवलं. आकडा उमटला, सत्तर.

"सत्तर ग्रॅमचा फरक आहे," मावशी म्हणाल्या. "चाकाला इथे वजनाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, चाक सगळीकडून सारखं भरावं म्हणून. या गेल्या कुठे?" त्यांनी रिमच्या आत बोट फिरवलं. "डिंकाची खूण आहे बघा. आपोआप नाही पडल्या. कुणीतरी खरवडून काढल्यात."

बाईंनी सावकाश मान वळवली. तज्ज्ञ भिंतीवरच्या टायरच्या जाहिरातीचं फार बारकाईने वाचन करत होते.

"अहो?"

"मला वाटलं, घाण आहे," तज्ज्ञ जाहिरातीलाच म्हणाले. "गाडी धुताना दिसली. राखाडी, चौकोनी. निघता निघत नव्हती. शेवटी उलथन्याने काढली."

"माझं उलथनं!" सासूबाई कडाडल्या. "दोन महिने झाले, वाकलंय! मी समजत होते माझ्याच हातून वाकलं!"

"आणि तेव्हा मागे असलेल्या चाकांच्या का नाही काढल्या?" मावशींनी कुतूहलाने विचारलं.

"कंबर धरली."

"देवाची कृपा," मावशी म्हणाल्या.

त्यांनी रिम पुसला, नव्या पट्ट्या चिकटवल्या, चाक पुन्हा फिरवलं. शून्य. घड्याळात सव्वानऊ झाले होते.

"शून्य आलं! चला, चला, लावा," तज्ज्ञ म्हणाले.

मावशींनी चाक मशीनवरून उतरवलं, अर्धं फिरवून परत चढवलं आणि पुन्हा चालू केलं. या वेळी आकडा आला पंचवीस.

"हे काय, बिघडलं की!" तज्ज्ञ ओरडले.

"बिघडलं नाही, आता खरं कळलं." मावशींनी चाकाच्या मधल्या भोकाकडे बोट दाखवलं. तिथे गंज आणि चिखल यांची कडक खपली बसली होती. "चाक मशीनवर तिरकं बसलं, तर मशीन तिरक्या चाकाचा हिशेब सांगतं. ते शून्य घेऊन गेला असतात, तर शंभरला परत नाचला असतात."

"पण आम्हाला उशीर होतोय हो," तज्ज्ञ काकुळतीला आले.

आता मात्र बाई पुढे झाल्या. त्यांनाही घड्याळ दिसत होतं. पण तिरक्या पायावर भिंत कितीही सरळ चिकटवली तरी काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? "मावशी, तुम्ही तुमच्या पद्धतीने करा. मी थांबते."

मावशींनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग तारेच्या ब्रशने खपली घासून काढली, भोक लख्ख केलं, पट्ट्या काढून सगळं पहिल्यापासून मांडलं. शून्य. उतरवून, फिरवून, परत चढवलं. पुन्हा शून्य. दुसऱ्या चाकाचंही तसंच केलं. चाकं गाडीला बसल्यावर हवा मोजली आणि कपाळाला हात लावला. "एवढी हवा कुणी भरली?" उत्तराची वाट न पाहता त्यांनी ती योग्य तेवढी केली.

दहाला वीस मिनिटं कमी असताना गाडी हायवेला लागली. सत्तर. ऐंशी. तज्ज्ञांनी डोळे मिटले. नव्वद. बाईंच्या हातांत स्टिअरिंग असं निवांत पडलं होतं, जणू त्याने जन्मात कधी दंगा केलाच नव्हता. शंभर.

"आई, कसं वाटतंय?" बाईंनी विचारलं.

उत्तर आलं नाही. घाबरून तज्ज्ञांनी मागे पाहिलं. सासूबाई खोक्याला मिठी मारून गाढ झोपल्या होत्या. बाईंना एकटीलाच हसू फुटलं आणि मग त्या चक्क गायला लागल्या.

अकराला पाच मिनिटं कमी असताना हॉस्पिटल समितीच्या टेबलावर उभं होतं. आडवी झालेली दोन झाडं बाईंनी लिफ्टमध्येच चिकटवली. सगळे मजले आपापल्या जागी पाहून आर्किटेक्टबाईंनी सुस्कारा सोडला. समितीच्या अध्यक्ष डोळ्यांच्या डॉक्टर होत्या. सत्तरीच्या, ताठ, मितभाषी. त्यांनी स्वतः छपरासकट वरचे मजले उचलले आणि तळमजल्यावर वाकून बराच वेळ पाहिलं.

"ऑपरेशनची खोली रस्त्याच्या बाजूला?" त्यांनी विचारलं.

"उजेड चांगला येतो तिथे," आर्किटेक्टबाई घाईने म्हणाल्या.

"उजेडाला दिवे असतात हो. माझी सुई केसाहून बारीक असते. बाहेरून अवजड ट्रक गेला आणि टेबलाला जरासा हादरा बसला, तर?"

आर्किटेक्टबाईंचा चेहरा उतरला. नकाशाची गुंडाळी त्यांच्या हातात चुरगळायला लागली. समितीतल्या दोघातिघांनी कागद मिटायला घेतले. बाईंचं काम खरं म्हणजे मॉडेल देऊन गप्प बसण्याचं होतं. पण दोन महिने ज्या थरथरीने त्यांचा पिच्छा पुरवला, तिच्याविषयी गप्प बसणं त्यांना आता शक्यच नव्हतं.

"हादरा कुठून येतो आणि कुठपर्यंत पोचतो, तेवढं बघायचं," त्या म्हणाल्या आणि पुढे होऊन त्यांनी ऑपरेशनची खोली अलगद उचलली. मागच्या बाजूचं औषधांचं कोठार काढून रस्त्याकडे बसवलं आणि कोठाराच्या जागी ऑपरेशनची खोली. दोन्ही चपखल बसली. "जिन्याची ही जाड भिंत आता मधे आली. आणि या खोलीचा पाया बाकी इमारतीला जोडायचाच नाही, वेगळा घ्यायचा. ट्रक जाऊ देत किती जायचे ते. औषधांच्या बाटल्या वाजतील फार तर."

आर्किटेक्टबाईंनी नकाशा उलगडला, पेन्सिल काढली आणि भराभर रेघा मारल्या. मग मान वर करून म्हणाल्या, "होतंय की!"

अध्यक्षबाईंनी वरचे मजले परत ठेवले. "मंजूर," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या प्रत्येक बैठकीला या बाई पाहिजेत. नुसतं मॉडेल नको." मग बाईंकडे वळून त्यांनी विचारलं, "हादऱ्यांचा एवढा अभ्यास कुठे केलात हो?"

"टायरच्या दुकानात," बाई म्हणाल्या. "आज सकाळी."

अध्यक्षबाई खळखळून हसल्या. समितीला त्या असं हसतात हे नवं होतं, त्यामुळे समितीही हसली. दाराशी बसलेल्या तज्ज्ञांना आत काय झालं ते नीट कळलं नव्हतं. पण बायको ताठ मानेने बाहेर येतेय आणि मागून खुद्द डॉक्टरीणबाई तिला दारापर्यंत सोडायला येताहेत हे पाहून ते उठून उभे राहिले, आणि बाईंच्या हातातलं रिकामं खोकं त्यांनी दोन्ही हातांनी, फार जपून, आपल्याकडे घेतलं.