दिवे लागले ते लागलेच

ग्रंथपालांनी फिटरला बोलवायचं नाही असं ठरवलं ते सकाळी नऊ वाजता, चहा पिता पिता, अगदी हसतमुखाने. गाडी बंद करून किल्ली खिशात टाकली तरी मागचे ब्रेकचे दिवे लालभडक पेटलेले होते. आणि चार वाजता याच गाडीवर लेकीची ड्रायव्हिंगची परीक्षा होती. आधी ती दोनदा नापास झाली होती (एकदा स्वतःमुळे, एकदा बाबांनी बाहेरून हातवारे करून मदत केल्यामुळे). आता गाडीच नापास झाली, तर पुढची तारीख थेट तीन महिन्यांनी मिळणार होती.

"फिटरला फोन करा," बायको म्हणाली.

"करू की. पण आधी हे असं का होतं, ते तर कळू दे."

हा 'का' ग्रंथपालांचा जुना आजार. घरातली इस्त्री याच 'का'पायी गेली होती आणि मिक्सर थोडक्यात बचावला होता.

अभ्यासाची जागा स्वच्छ हवी, म्हणून त्यांनी आधी गाडी झाडून घेतली. पेडलखाली निळ्या प्लास्टिकचा भुगा पडला होता. "ही पोरगी गाडीत बसून काय काय कुरतडते, देव जाणे," असं पुटपुटत त्यांनी तो कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग गाडीचं पुस्तक उघडलं, बायकोला मागे दिव्यांपाशी उभं केलं आणि स्वतः स्टिअरिंगखाली डोकं घालून एकेक फ्यूज उपटायला सुरुवात केली. प्रत्येक फ्यूजला नंबराची चिठ्ठी. ग्रंथालयात पुस्तकाला लावतात तशीच.

"गेले का?"

"कोण?"

"अगं, दिवे."

"आहेत."

दुसऱ्या फ्यूजबरोबर हॉर्न गेला, तिसऱ्याबरोबर रेडिओ, पाचव्याबरोबर घड्याळ. दिवे जागचे हलले नाहीत. सहावा काढताना ग्रंथपालांचं कपाळ खाडकन लोखंडावर आपटलं.

"लागले गं," ते कळवळले. (त्यांना 'लागलं' म्हणायचं होतं, पण कळवळताना व्याकरण कुणाचं शाबूत राहतं?)

"लागलेलेच आहेत मघापासून," मागून शांतपणे उत्तर आलं. "काही नवीन असेल तर सांगा."

आठव्या फ्यूजला दिवे विझले. ग्रंथपाल कपाळ चोळत, पण छाती काढून बाहेर आले. तेवढ्यात लेकीने आत बसून ब्रेक दाबला.

"बाबा, आता दाबला तरी लागत नाहीत."

"एवढे दिवे लावलेत," बायको म्हणाली, "आता विझवूनही दाखवलेत. दोन वाजलेत. करता फोन?"

लेक नुसती घड्याळाकडे बघत राहिली. तिचं तोंड एवढंसं झालेलं ग्रंथपालांनी पाहिलं. मग मुकाट्याने फोन उचलला.

"साहेब, अगदी सोपं आहे," फिटर म्हणाला. "पेडलच्या दांड्याला एक भोक असतं, त्यात प्लास्टिकची टिकली बसवलेली असते. पाय काढला की ती टिकली स्विचचं बटण दाबते आणि दिवे विझतात. टिकली जुनी झाली की तुटते, मग बटण भोकातून आरपार जातं. तुम्हाला पेडलखाली भुगा सापडला असेल बघा."

"निळा?"

"निळाच. मग कळलंच असेल तुम्हाला."

"मी तो झाडून टाकला."

"साहेब," फिटर म्हणाला, "पुरावा झाडायचा नसतो. आता एखादं घट्ट रबरी बूच बसवा त्या भोकात. आजचा दिवस निघेल. उद्या गाडी आणा, नवी टिकली टाकून देतो."

बूच डिंकाच्या बाटलीचं मिळालं. ग्रंथपालांचा हात तिथवर पोचेना, म्हणून लेकीने आत वाकून ते चेपून बसवलं. फ्यूज मात्र चिठ्ठ्यांमुळे पाच मिनिटांत जागेवर गेले (हे ते अजूनही येईल-जाईल त्याला सांगतात). ब्रेक दाबला की दिवे लागत, सोडला की विझत. ग्रंथपालांनी खात्रीसाठी सोळा वेळा पाहिलं.

आणि लेक पास झाली. त्यांना इतका आनंद झाला की परीक्षकालाच त्यांनी दोनदा शाबासकी दिली. परतताना मात्र "तू दमली असशील" म्हणत गाडी स्वतः चालवायला घेतली. चौकाच्या अलीकडे वाहतूक पोलिसाने हात केला.

"काका, मागचे दिवे सारखे उघडझाप करताहेत. काही बिघाड आहे का?"

"दिवे चांगले आहेत," लेक म्हणाली. "दुकानाची काच दिसली की बाबा ब्रेक दाबून तिच्यात बघतात, लागले का म्हणून."

पोलिसाने तिच्या हातातला पासचा कागद पाहिला, मग ग्रंथपालांना नीट न्याहाळलं.

"ताई, गाडी तुम्ही चालवा," तो म्हणाला. "काकांना मागे बसवा. तिथून त्यांना दिवे जवळ पडतील."